‘सामना’तील शेतकरी सत्ताधीश : एक पुनर्विचार

प्रास्ताविक

ग्रामीण राजकारणाचे चित्रण करणाऱ्या मराठी चित्रपटांत ‘सामना’ (१९७५) या चित्रपटाचे स्थान महत्त्वाचे आहे. विजय तेंडुलकर यांची पटकथा, डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन आणि निळू फुले व डॉ. श्रीराम लागू यांचा अभिनय यांचा सुरेख मेळ त्यात जमून आला आहे. सत्ता आणि नीती यांचा संघर्ष म्हणून या चित्रपटाकडे बहुधा पाहिले जाते. शेतकरी सत्तेपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचला आणि ही वाट कोणाला खुली होती, या प्रश्नाच्या अंगाने त्याचे वाचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सत्तेची वाट

महाराष्ट्रातील शेतकऱ्याचा राजकारणातील प्रवेश मुख्यतः सहकाराच्या दारातून झाला. लोणी येथील शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने उभारलेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. सावकार आणि खाजगी कारखानदार यांच्या कचाट्यातून ऊस उत्पादकाची सुटका करणे ही त्यामागील प्रेरणा होती. स्वतः विठ्ठलरावांचे कार्य प्रामुख्याने सहकारात राहिले. त्यांचे पुत्र बाळासाहेब विखे पाटील १९७१ मध्ये लोकसभेवर निवडून गेले. दरम्यान १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. गावची सोसायटी, पंचायत समिती, कारखाना, जिल्हा बँक आणि विधानसभा अशी एक शिडीच तयार झाली. कर्ज, पाणी, उसाची तोड आणि नोकऱ्या यांवर ज्याचा ताबा, त्याच्याकडे मते आपोआप वळू लागली.

तथापि, या शिडीच्या पहिल्या पायरीवर एक अट होती. कारखान्याचा उत्पादक सभासद होण्यासाठी ऊस पिकविणारी जमीन लागे. ऊस तोडणारा मजूर, कोरडवाहू शेतकरी आणि भूमिहीन यांना कारखान्याच्या निवडणुकीत मत नव्हते. एका सभासदाला एक मत हे सहकाराचे तत्त्व निःसंशय लोकशाहीचे होते. परंतु सभासद कोण, हे जमीन आणि पाणी ठरवीत होते.

‘सामना’चे सामर्थ्य आणि मर्यादा

हिंदूराव धोंडे पाटील पडद्यावर येतो तो पूर्ण झालेला सत्ताधीश म्हणून. पंचक्रोशीत त्याचा शब्द हाच कायदा आहे. त्याच्या मागची शेतकऱ्याची धडपड चित्रपटाच्या कक्षेबाहेर राहते. याचे कारण दृष्टिकोनात आहे. हिंदूरावाचे जग आपल्याला दिसते ते बाहेरून आलेल्या, दारूच्या आहारी गेलेल्या मास्तरांच्या नजरेतून. ही नजर नागरी मध्यमवर्गाला जवळची आहे आणि पटकथाकार तेंडुलकर हे स्वतः पार्ल्याचे रहिवासी होते. दौंडला वैद्यकीय व्यवसाय केलेल्या पटेलांमुळे चित्रपटाला ग्रामीण तपशिलाची जाण लाभली, हे मान्य करावे लागेल. तरीही साखरसम्राट कसा दिसतो हे आपण पाहतो. तो का घडला हे मात्र कळत नाही.

ही मर्यादा नोंदवूनही चित्रपटाचे श्रेष्ठत्व एका गोष्टीत आहे, ते म्हणजे सैन्यातून परतलेल्या मारुती कांबळेच्या नाहीसे होण्याबद्दलचा प्रश्न. हा प्रश्न हिंदूरावाची पाठ सोडत नाही. रहस्यकथेचा धागा म्हणून तो पुरेसा आहेच. पण सहकाराच्या वरील रचनेच्या संदर्भात त्याचा अर्थ अधिक खोल होतो. शेतकऱ्यांचे राज्य आले असे म्हणताना या राज्यात ज्याला जागाच मिळाली नाही, त्याची आठवण मास्तर करून देतात. शेतकरी सत्तेवर आला हे खरे. पण कोणता शेतकरी, असे ‘सामना’ अप्रत्यक्षपणे विचारतो.

उपनगरी वाचकाच्या संदर्भात

अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातील अनेक कुटुंबांचे गाव सातारा, सांगली, कोल्हापूर वा कोकणात आहे. त्यांच्या नव्या पिढीला ग्रामीण पुढारी भेटतो तो बहुधा पडद्यावर, हिंदूरावाच्याच प्रतिमेत. परिणामी शेतकऱ्याचे राजकारण म्हणजे साखरसम्राटांचे राजकारण, असे समीकरण रूढ होते आणि त्याची झळ कांदा, कापूस वा भात पिकविणाऱ्याच्या न्याय्य मागणीलाही बसते. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८० मध्ये झालेल्या कांदा आंदोलनाने कारखान्याबाहेरचा शेतकरी संघटित होऊ शकतो हे दाखवून दिले. मार्च २०१८ मध्ये अखिल भारतीय किसान सभेचा मोर्चा नाशिकहून चालत मुलुंडमार्गे मुंबईत आला. त्यात वनजमिनीचे हक्क मागणारे आदिवासी मोठ्या संख्येने होते. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास होऊ नये म्हणून शीवहून आझाद मैदानापर्यंतचे अंतर त्यांनी रात्रीतून कापले. मोर्चाच्या नेत्यांपैकी जे. पी. गावित हे तेव्हा कळवणचे आमदार होते. कारखान्याच्या शिडीवाचूनही विधानसभेपर्यंत वाट जाते, याचे हे उदाहरण होय.

निष्कर्ष

‘सामना’ हा सहकारी सत्तेच्या उत्तरार्धाचा चित्रपट आहे. त्याच्या आधारे शेतकऱ्याच्या संपूर्ण राजकीय प्रवासाचा निवाडा करणे योग्य ठरणार नाही. चित्रपट अभ्यासताना प्रवरानगरचा पूर्वार्ध आणि मुलुंडहून गेलेला मोर्चा हे दोन्ही समोर ठेवले, तर हिंदूरावाची प्रतिमा अधिक न्याय्यपणे पाहता येईल. मात्र मारुती कांबळेबद्दलचा प्रश्न या दोन्ही टोकांना तितकाच लागू पडतो. शेतकऱ्यांच्या नावाने सत्ता मागणाऱ्या प्रत्येकाला तो विचारला गेला पाहिजे.