ऐकणारा कुठे आहे? सचिन कुंडलकर यांच्या लेखनाविषयी

मंडळी, सचिन कुंडलकर तुम्हाला सिनेमावाले म्हणून ठाऊक असतील. आम्ही मात्र सुरुवात त्यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या छोट्या कादंबरीपासून करतो. ती २००६ साली मराठीत आली. तेव्हा दोन पुरुषांचं प्रेम कलम ३७७ खाली गुन्हा ठरू शकत होतं; सर्वोच्च न्यायालयाने ती टांगती तलवार काढली २०१८ मध्ये.

गोष्ट साधी. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर. वरच्या खोलीत एक तरुण भाड्याने राहायला येतो. तनय त्याच्या प्रेमात पडतो, बहीण अनुजाही पडते. तो अनुजाबरोबर निघून जातो आणि काही महिन्यांनी ती एकटीच परत येते. आधी तनय बोलतो, मग अनुजाची डायरी. त्या तरुणाला नाव नाही.

‘प्रेम शेवटी प्रेमच, त्यात स्त्री-पुरुष काय पाहायचं?’ असं या कादंबरीबद्दल म्हटलं जातं. आम्हीही पूर्वी वर्गात तेच सांगायचो. आज वाटतं, ते चुकलं. प्रेम सारखं असेल, पण दुःखाची वाटणी सारखी नाही. अनुजा परतते तेव्हा घर रागावतं, घाबरतं, पण तिचं काहीतरी हरवलंय हे घराला कळतं. तनयचंही तेच माणूस गेलंय. त्याला कोण विचारणार? त्याच्यापाशी शब्द भरपूर आहेत, ऐकणारा नाही. म्हणून तो निघून गेलेल्यालाच ‘तू’ म्हणून सांगत बसतो. कादंबरीची ताकद या रचनेत आहे.

जेरी पिंटो यांनी २०१३ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद केला. २०२२ च्या चित्रपटात कुंडलकरांनीच ही गोष्ट केरळात नेली. दृश्यं देखणी आहेत, पण आमच्या मते काहीतरी निसटलं. सगळं दिसत असून न बोलणारं ते मराठी घर गोष्टीतलं एक पात्रच होतं, बरं का!

‘गुलाबजाम’मध्येही स्वयंपाक शिकवणारी राधा आणि शिकणारा आदित्य यांच्या नात्याला सोयीचं नाव मिळत नाही. बिननावाच्या नात्यांकडे हा लेखक पुन्हा पुन्हा वळतो.

आता आटगावचं बोलू. आपल्याकडे कुणाचं लग्न मोडलं तर अख्खी आळी दारात जमते. पण असा एखादा तनय रात्रीच्या कसारा लोकलने उतरून घरी येत असेल, आणि जेवताना आई विचारत असेल, ‘गप्प का रे?’ तर त्याने खरं उत्तर द्यावं, इतकी जागा आपल्या घरात आहे का? कादंबरी वाचून झाल्यावर एवढं स्वतःला विचारा.