नऊ एकांपाशी थांबलेला तक्ता

सोलापूरहून मुंबईला जाणारी गाडी कल्याण सोडते आणि थोड्याच वेळात डोंबिवली मागे पडते. या स्थानकाच्या जुन्या 'डेम्लो' नावावरून दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी आपल्या संख्यांचे बारसे केले, ही हकिगत बहुतेक गणितशिक्षकांना ठाऊक असते. १, १२१, १२३२१ असे एकांच्या रांगांचे वर्ग म्हणजे त्यांच्या 'अद्भुत डेम्लो संख्या'. सोलापुरातल्या एका शाळेच्या भिंतीवर त्यांचा सुबक तक्ता आम्ही पाहिला. कापरेकरांवरील लेखांत आणि पुस्तिकांतही बहुधा तोच भेटतो. आमची तक्रार या तक्त्याबद्दल आहे.

तक्ता नऊ एकांपाशी, १२३४५६७८९८७६५४३२१ वर, थांबतो. दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. चढत्या बाजूचा आठ गायब! गुणाकार उभा मांडला की मधल्या रकान्यात दहा एक जमतात आणि हातचा येतो, एवढेच कारण. पण ते दाखवायचे तर मनोरा मोडतो. म्हणून गणित जिथे सुरू होते नेमके तिथेच तक्ता संपतो. मुले 'वा!' म्हणतात, 'का?' विचारत नाहीत.

दुसरा प्रश्न तर या लेखनात सहसा येतच नाही. यांतल्या कोणत्या रांगा मूळ संख्या आहेत? एकांची संख्या संयुक्त असेल तर रांगही संयुक्त: सहा एकांना दोन एकांनी भाग जातो, तीन एकांनीही जातो. उलट मात्र खरे नाही. तीन एक म्हणजे ३ × ३७, पाच एक म्हणजे ४१ × २७१, सात एक म्हणजे २३९ × ४६४९. अकरानंतरची पहिली मूळ रांग थेट १९ एकांची आहे.

हे तपासायचे कसे? आधी आपल्या शहराचाच एक पिनकोड घ्यावा, ४१३००३. त्याला ३, ७, ११, १३, १७ यांपैकी कोणानेही भाग जात नाही. कंटाळून 'मूळ' म्हणावे, तोच १९ ने जातो. तसा गेला नसता तर ६४२ पर्यंतच्या मूळ संख्या तपासाव्या लागल्या असत्या. १९ एकांसाठी हीच वाट १०५ कोटींपर्यंत नेते. पण रांगेतून १ वजा करा. उरतात दहा गुणिले अठरा एक, आणि अठरा एक सहज फुटतात: ३ × ३ × ७ × ११ × १३ × १९ × ३७ × ५२५७९ × ३३३६६७. एखाद्या संख्येतून १ वजा करून उरलेल्याचे सगळे मूळ अवयव हाती असले, की ती संख्या मूळ आहे का हे ठरवणारी कसोटी एकोणिसाव्या शतकात ल्युकासने दिली. कोट्यवधी भागाकार वाचतात. वर्गात सांगण्यासारखी गोष्ट ही आहे.

पुढे २३, ३१७ आणि १०३१ एकांच्या रांगा मूळ निघाल्या. शेवटचीची सिद्धता १९८६ मधली. कापरेकर वारले तेच वर्ष. ८६,४५३ एकांची रांग २०२३ मध्ये सिद्ध झाली. अशा रांगा अनंत आहेत की नाहीत, हे आजही कोणाला ठाऊक नाही.

देवळालीच्या या शाळामास्तरांचे मोठेपण निरीक्षणात आहे, सिद्धतेत नव्हे, हे मोकळेपणाने सांगायला हरकत नाही. त्यांना जादूगार करून ठेवणे आम्हाला पटत नाही. त्या शाळेतल्या तक्त्याखाली वीतभर जागा कोरी होती. दहावी ओळ तिथे सहज मावेल.