उपज कोणाची, आगाऊपणा कोणाचा?

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री दंडार, नाटक नाही तर खडी गंमत होते. दिघोरीच्या मंडईत मी पहिली खडी गंमत पाहिली ती ढोलकीजवळ बसून. ढोलकी माझे आजोबा वाजवीत. त्या रात्री दोन पार्ट्यांचा सामना होता. समोरच्या शाहिराने गाता गाता आमच्या वस्तीला टोमणा मारला : यांनी गावकीचे डफडे सोडले, पण हात अजून चामड्यावरच आहे. लोक हसले. आमचा शाहीर ढोलकीची दोन आवर्तने गप्प राहिला. मग त्याच चालीत त्याने जागीच जबाब रचला : चामडे तुमच्याही जोड्यात आहे, तुम्ही ते पायाखाली तुडवता, आम्ही त्याला बोलायला शिकवले. त्यानंतर हसण्याची दिशा बदलली.

तो जबाब कोणत्याही वहीत नव्हता. दुसऱ्या रात्री तो तसाच म्हटलाही गेला नसेल. आजोबा म्हणत, ‘लिवलेलं सरते बाबू, गोठ नाई सरत.’ मी घरातला पहिला पदवीधर. पुढे प्राध्यापक झालो तेव्हा हे वाक्य मला अडाणीपणाचे वाटू लागले होते, हे कबूल केले पाहिजे. एका बैठकीत एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी खडी गंमत हा विषय मागितला. ‘संहिता कुठे आहे? संहिता नाही तर साहित्य कसले?’ असे म्हणून तो नाकारण्यात आला. मी त्या बैठकीत होतो आणि गप्प होतो. ढोलकीची दोन आवर्तने नव्हे, पुरती बैठक.

हा लेख त्या गप्प बसण्याचा उशिरा दिलेला जबाब आहे.

आयत्या वेळी रचणे ही गोष्ट आपल्या सांस्कृतिक व्यवहारात नवी नाही. ख्यालगायक दोन ओळींची बंदिश घेऊन तासभर गातो. त्या दोन ओळींपलीकडचे काहीही लिहिलेले नसते. त्याला आपण उपज म्हणतो, बढत म्हणतो, प्रतिभा म्हणतो. कीर्तनकार एका अभंगावर रात्र रंगवतो. ते निरूपण ठरते. मात्र खडी गंमतीचा शाहीर आणि सोंगाड्या तेच करतात तेव्हा तो आगाऊपणा होतो, तोंडाला येईल ते बोलणे होते. क्रिया एकच, पण करणाऱ्याची जात बदलली की क्रियेचे नाव बदलते. तेव्हा संहितेचा प्रश्न हा निव्वळ वाङ्मयीन प्रश्न नाही. कोणाच्या न लिहिण्याला साधना म्हणायचे आणि कोणाच्या न लिहिण्याला निरक्षरता, हे ठरविण्याच्या अधिकाराचा तो प्रश्न आहे.

या अधिकाराशी झुंजलेला एक माणूस मला अलीकडे भेटला, तोही एका विद्यार्थ्याच्या मोबाइलमधून. ऑर्नेट कोलमन हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय सॅक्सोफोनवादक. जन्म 1930, टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे, वर्णभेदाच्या कायद्यांखाली. सॅक्सोफोन तो बराचसा स्वतःच शिकला. 1949 च्या सुमारास बॅटन रूज येथे त्याला मारहाण झाली व त्याचे वाद्य फोडण्यात आले. पुढे लॉस एंजेलिसमध्ये तो लिफ्ट चालवीत असे आणि लिफ्ट रिकामी असली की संगीतशास्त्राची पुस्तके वाचीत असे. धातूचा सॅक्सोफोन परवडत नव्हता म्हणून त्याने प्लास्टिकचा घेतला. 1959 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये तो तेच प्लास्टिकचे वाद्य घेऊन उभा राहिला.

तोवरच्या जॅझमध्येही वादक आयत्या वेळी रचीतच होते. पण ठरलेल्या सुरावटींच्या चौकटीत, त्यांच्या ठरलेल्या फेऱ्यांवर. कोलमनने ही चौकटच बाजूला सारली. सूर पुढे कुठे जायचा हे आधी ठरलेल्या फेऱ्याने नव्हे, तर चालीने आणि सोबत्याच्या वाजवण्याने ठरावे, असे त्याचे म्हणणे. 1960 च्या डिसेंबरात त्याने दोन चौकड्या, म्हणजे आठ वादक, एकत्र आणून सुमारे 37 मिनिटांचे अखंड वादन ध्वनिमुद्रित केले. ‘फ्री जॅझ’ हे त्या तबकडीचे नाव पुढे एका संपूर्ण प्रवाहाला मिळाले.

प्रतिक्रिया काय झाली? काहींनी त्याला डोक्यावर घेतले. काहींनी हा ढोंगी आहे, याला वाजवताच येत नाही, असा निकाल दिला. निकाल देणाऱ्यांत नामवंत कृष्णवर्णीय वादकही होते, हे आपण विशेष ध्यानात ठेवावे. ज्यांनी मोठ्या कष्टाने प्रस्थापितांचे व्याकरण कमावलेले असते, त्यांना व्याकरण ओलांडणारा आपलाच माणूस धोक्याचा वाटतो. त्या बैठकीतील माझे मौन याच जातीचे होते. आणि दलित कवितेला सुरुवातीच्या काळात ‘हिला रूपाचे भान नाही’ असे ऐकवले गेले, तेव्हा त्या सुरात सूर मिसळणारे आपल्यातही होतेच की!

परंतु येथे थांबणे म्हणजे स्वतःची फसवणूक होईल. उत्स्फूर्त ते सारे मुक्त, असे मानणे भाबडेपणाचे आहे. आयत्या वेळी माणूस काय बोलतो? जे आत मुरलेले असते तेच. खडी गंमतीचा सोंगाड्या क्षणात विनोद करतो. तो अनेकदा बाईवर, पांगळ्यावर, आणखी खालच्या जातीवर असतो. परंपरेने येथे स्त्री उभीच राहत नाही. पुरुषच नाच्या होऊन तिचे सोंग घेतो. म्हणजे संहिता नसली तरी मनुस्मृतीची एक न लिहिलेली संहिता सोंगाड्याच्या जिभेवर असू शकते. कागद फेकला म्हणून ती जात नाही.

आंबेडकरी जलशांनी हे ओळखले होते. भीमराव कर्डक आणि त्यांच्या पिढीतील जलसाकारांनी 1930 नंतरच्या काळात तमाशाचाच साचा घेतला. पण त्यातील देवादिकांची स्तुती आणि अश्लील विनोद काढून टाकला आणि शिक्षण, सावकारी, अंधश्रद्धा हे विषय आत आणले. त्यांनी प्रथम आत मुरलेले बदलले. त्यानंतर गावच्या चावडीसमोर जे सुचले ते नव्या माणसाला सुचले. कोलमनचीही गोष्ट हीच आहे. रिकाम्या लिफ्टमधील त्या वाचनाशिवाय ती 37 मिनिटे संभवत नाहीत. शिवाय त्या वादनातही एकेका वादकाच्या आविष्कारादरम्यान आधी रचलेले छोटे तुकडे होते. स्वातंत्र्य हे तयारीच्या अभावाचे नाव नाही. आठ जण एकमेकांचे ऐकत असतील तरच आठ जण मोकळे राहू शकतात.

प्रभाव म्हणजे नक्कल नव्हे. 1965 मध्ये शिकागोत कृष्णवर्णीय वादकांनी आपली स्वतःची संस्था काढली. तिने सभासदांच्या नव्या रचनांना मंच दिला आणि वस्तीतील मुलांना विनामूल्य संगीत शिकवले. त्याच वर्षी ड्यूक एलिंग्टनचा गौरव करण्याची परीक्षकांची शिफारस पुलित्झर मंडळाने फेटाळली होती. 2007 मध्ये तेच पुलित्झर पारितोषिक कोलमनच्या ‘साउंड ग्रामर’ला मिळाले. 2015 मध्ये तो वारला. पारितोषिकाचा आनंद मानावा. पण ते येईपर्यंतची बेचाळीस वर्षे ज्यांनी पुरस्काराची वाट न पाहता मुले शिकवली, त्यांचे काम मला मोठे वाटते.

1956 च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वस्तीने गावकीचे डफडे सोडले, ते योग्यच केले. ते वाजवणे कला म्हणून नव्हते, हुकूम म्हणून होते. आजोबांनी ढोलकी मात्र स्वतः निवडली होती. हुकमाचे वाद्य टाकणे आणि निवडीचे वाद्य उचलणे ही एकाच विद्रोहाची दोन अंगे आहेत. आमच्या शिकलेल्या पिढीने पहिले अंग जपले आणि दुसऱ्याची लाज धरली.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. आपल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी म्हाताऱ्या शाहिरांकडे वही घेऊन जाऊ नये. तेवढ्याने भागणार नाही. एकच गंमत तीन गावांत, तीन रात्री ध्वनिमुद्रित करावी आणि तिन्हींत काय बदलले, कोणासमोर बदलले, हे तपासावे. साहित्य त्या बदलात आहे. आणि त्या रिंगणात मुलींना उभे करावे. सोंग म्हणून नव्हे, शाहीर म्हणून.

त्या विद्यार्थिनीला मी तिचा विषय परत दिला आहे. पहिल्याच दिवशी तिने विचारले, ‘सर, त्या रात्री तुमच्या शाहिरानं नेमक्या कोणत्या ओळी म्हटल्या होत्या?’ मला आशय आठवतो, ओळी आठवत नाहीत. तिने वहीत तेवढी जागा कोरी सोडली आहे.