केलेला उद्योग, आलेला उद्योग

नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीत एखाद्या आईला कुणी सांगितलं, "तुमच्या पोरानं उद्योग केलाय," तर तिच्या काळजात धस्स होतं. काय फोडलं, कुणाशी भांडण उकरून काढलं? मांजरा नदी ओलांडून निजामाबादच्या अंगाला गेलं आणि तिथल्या आईला तेलुगूत 'उद्योगम् वच्चिंदि' म्हटलं, की पेढ्यांचा पुडा सुटतो. पोराला नोकरी लागली! शब्द तोच, संस्कृतातून दोघींकडे आलेला. इकडे तो केला जातो, तिकडे तो येतो. ही दोन क्रियापदं नीट ऐकली की या शब्दाची अर्धी गंमत हाती लागते.

ही गंमत ऐकायला बिलोलीसारखं गाव शोधून सापडायचं नाही. निजामाच्या राज्यात इथल्या माणसाच्या कानावर मराठी, तेलुगू, कन्नड आणि कचेरीतली उर्दू एकदमच पडायची. 1956 साली भाषावार रेघ ओढली गेली. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा, जुक्कल ही मंडळं आणि मुधोळ, भैंसा, कुबेर हा भाग आंध्रात गेला. बिलोली, धर्माबाद, कुंडलवाडी इकडे राहिली. रेघ नकाशावर पडली, जिभेवर पडली नाही. कुंडलवाडी-धर्माबादकडे आजही अशी घरं आहेत, जिथं चुलीपाशी तेलुगू आणि बाजारात मराठी चालते. तिथल्या माणसाच्या तोंडात 'उद्योग' दोन अर्थांनी नांदतो आणि त्यांची सहसा गल्लत होत नाही.

आधी शब्दाचं मूळ पाहू. 'उद्' म्हणजे वर आणि 'युज्' म्हणजे जोडणं, जुंपणं. अंग झटकून कामाला जुंपून घेणं, हा त्यातला पहिला भाव. महाभारताच्या पाचव्या पर्वाचं नाव उद्योगपर्व. त्यात ना कारखाना आहे, ना नोकरी. अज्ञातवास संपलाय, कोण कोणाच्या बाजूनं याची बोलणी चाललीत, श्रीकृष्ण शिष्टाईला जातो, सैन्यं गोळा होतात. युद्धाला तोंड पुढच्या भीष्मपर्वात फुटतं. म्हणजे उद्योग ही कामाआधीची सिद्धता, फळ मिळण्याच्या आधीची हालचाल. मराठीत हा जुना अर्थ 'उद्युक्त होणे' या रूपात अजून शाबूत आहे. बंगालीनं तर तो जवळपास जसाच्या तसा ठेवला. तिथं 'उद्योग' म्हणजे पुढाकार, एखादी गोष्ट घडवून आणण्याची खटपट.

मराठीनं मात्र या भारदस्त शब्दाला अंगणात खेळायला सोडलं. "सध्या काय उद्योग?" हा पाहुण्याला विचारलेला सभ्य प्रश्न. "काय उद्योग चाललेत?" यात एक भुवई वर गेलेली. "दुसरे उद्योग नाहीत का?" हा सरळ दम. 'नसते उद्योग', 'भलते उद्योग', 'रिकामे उद्योग' अशी विशेषणं लागत गेली की शब्द घसरत घसरत थेट उचापतीवर येतो. पोरानं दुपारी आजोबांचा डोळा लागल्याचं बघून विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर खोलला, स्क्रू धोतरावर ओळीनं मांडले आणि एक कुठंतरी गवतात घालवला. याला नुसतं 'खोडी' म्हणून भागत नाही. खोडीत दुसऱ्याला त्रास देण्याचा हेतू असतो. इथं हेतू कळून घेण्याचा आहे, नुकसान आपोआप झालेलं. आजोबा ओरडतात, "काय उद्योग करून ठेवलास रे हा!" या 'करून ठेवलास'मध्ये राग आहे, पण तळाशी एक चोरटं कौतुकही आहे. आळशी पोराच्या हातून असा उद्योग घडत नाही. पुढं याच पोराबद्दल आजोबा चारचौघांत सांगतात, "लई उद्योगी हाय," आणि तेव्हा रागाचा मागमूसही उरत नाही.

तोच शब्द पापड-लोणच्यांच्या 'गृहउद्योगा'त जातो, 'लघुउद्योगा'त जातो, कृष्णूरच्या एमआयडीसीच्या फलकावर 'औद्योगिक' होऊन बसतो. घरातल्या उचापतीपासून कारखान्याच्या धुराड्यापर्यंत इतकं अंतर मराठीत एका शब्दानं चालावं, हे मला फार मोलाचं वाटतं. दोन्हीकडे सूत्र एकच: कुणीतरी आपण होऊन काहीतरी सुरू केलंय. म्हणूनच मराठीत उद्योग 'सुचतो', 'करतात', 'काढतात', 'उभारतात'. कर्ता नेहमी हजर असतो.

दक्षिणेकडे जावं तसा शब्द खुर्चीत बसत जातो. तेलुगूत 'उद्योगम्' येतं, सापडतं, जातं. कन्नडात 'उद्योग' म्हणजे कामधंदा, नोकरी. तमिळमध्ये त्याला हुद्द्याचा वास येतो, आणि मल्याळममध्ये 'उद्योगस्थन्' म्हणजे चक्क अधिकारी. 'उद्योगम् पुरुष लक्षणम्' ही म्हण तेलुगू घरांत सर्रास ऐकू येते. शब्द संस्कृतच, मूळ अर्थ प्रयत्न हे पुरुषाचं लक्षण असा. पण मुलगी द्यायला निघालेला बाप ती म्हणतो, तेव्हा मुलाच्या पगाराचा आकडा विचारत असतो. आपल्याकडची 'उद्योगाचे घरी ऋद्धिसिद्धी पाणी भरी' ही म्हण सोयरिकीत कुणी काढत नाही. तिथं आपण सरळ विचारतो, "नोकरी आहे का?" मला वाटतं, मराठीत पगाराचा भार 'नोकरी' आणि 'रोजगार' या फारसीतून आलेल्या शब्दांनी उचलला, म्हणून 'उद्योगा'ला हुंदडायला मोकळीक मिळाली.

ही वाटणी सरकारी योजनांच्या नावांत छान दिसते. 1972च्या दुष्काळात आकाराला आलेल्या आपल्या योजनेचं नाव 'रोजगार हमी'. पुढं देशभर तशी योजना आली, तेव्हा शेजारच्या बीदर जिल्ह्यात तिचं कन्नड नाव झालं 'उद्योग खात्री'. दोन्ही शब्द मराठी कानाला ओळखीचे, पण जोडून ऐकले की उचापतीची हमी दिल्यासारखं वाटतं. तेलुगूत 'निरुद्योगी' म्हणजे बेकार, नोकरी न मिळालेला. 'निरुद्योग भृति' म्हणजे बेकारभत्ता. मराठीत निरुद्योगी माणूस कट्ट्यावर बसलेला, म्हणजे दोष त्याचाच. हे दोन अर्थ शेजारी ठेवले की कळतं, नोकरी नसणं हा कुणाचा कसूर हे ठरवण्यातही शब्दाचा हात असतो. या एका जागी मला तेलुगू अधिक न्यायी वाटते.

मग कारखानदारीला तेलुगू काय म्हणते? 'परिश्रम'! आपण घाम गाळतो तो परिश्रम, तिथं त्याची गिरणी झाली. औद्योगिक वसाहत म्हणजे 'पारिश्रामिक वाडा'. मांजरेपलीकडे बोधनला 1937 साली निजाम शुगर फॅक्टरी निघाली, शक्करनगर वसलं. अलीकडे बिलोली तालुक्यात शंकरनगरला गोदावरी मनार सहकारी साखर कारखाना उभा राहिला. नावांतही एका अनुस्वाराचं अंतर. दोन्हीकडे ऊसच गाळायचा, पण एक 'परिश्रम' आणि दुसरा 'उद्योग'. आणि दोन्हींपैकी कुठंही चिकटलेल्या पोराला तेलुगूत मिळालं ते 'उद्योगम्'च.

'उद्यम' हा 'उद्योगा'चा सख्खा नव्हे, पण जवळचा भाऊबंद. आपल्या लेखी उद्यमशील माणूस दुकान टाकतो. कन्नडात 'उद्यम' म्हणजे कारखानदारी. तेलुगूत मात्र 'उद्यमम्' म्हणजे चळवळ, आंदोलन. 2 जून 2014 रोजी तेलंगण राज्य झालं ते अशाच उद्यमातून. त्या चळवळीची घोषणा होती 'नीळ्ळु, निधुलु, नियामकालु', म्हणजे पाणी, निधी आणि नेमणुका. थोडक्यात, तिथं उद्योगासाठी उद्यम झाला. हे वाक्य मराठीत म्हणून पाहा, द्विरुक्ती वाटेल. तेलुगूत म्हणा, साठ वर्षांचा इतिहास आहे.

आपला 'उद्योग' इतका कर्त्याच्या मुठीतला, की तो कधी 'जात' नाही असं वाटे. नोकरी जाते, रोजगार बुडतो, धंदा बसतो. अलीकडे मात्र अनेकवचनात तो जाऊ लागलाय. 2022 साली तळेगावला यायचा म्हणून गाजलेला सेमीकंडक्टर प्रकल्प गुजरातेत गेला आणि "महाराष्ट्रातले उद्योग गेले" हे वाक्य गावोगावच्या सभांत घुमलं. कुंडलवाडीच्या चौकात ते ऐकणारा तेलुगूभाषक मनातल्या मनात त्याचं भाषांतर करतो, 'उद्योगालु पोयायि', नोकऱ्या गेल्या. वक्त्याला म्हणायचे होते कारखाने. पण चूक ऐकणाऱ्याची आहे, असं कोण म्हणेल?