खोटी बालाबुश्का

मार्टिन स्कॉर्सेसीच्या 'द कलर ऑफ मनी' (१९८६) मधली सगळ्यात मौल्यवान वस्तू खोटी आहे. फास्ट एडी (पॉल न्यूमन) व्हिन्सेंट या उनाड पोराच्या (टॉम क्रूझ) हातात पूलची क्यू ठेवतो आणि सांगतो, ही बालाबुश्का आहे. पोरगं हरखून जातं. पण पडद्यावर दिसते ती जॉस कंपनीची, बालाबुश्कासारखी भासेल अशी बनवलेली क्यू. खरी इतकी महाग, की शूटिंगच्या धबडग्यात ती वापरायची कुणाची छाती झाली नाही.

जुन्या क्यू, त्यांच्या चामडी केसेस, जोडावरच्या स्क्रूची टोपणं, खडूचे जुने डबे जमवणारी मंडळी हा किस्सा आवडीनं सांगतात. मला तो सिनेमाच्या विरोधात जाणारा वाटत नाही. उलट सिनेमा त्यामुळेच जास्त खरा वाटतो.

कारण 'अस्सल' म्हणजे तरी काय? जॉर्ज बालाबुश्का १९१२ साली रशियात जन्मला, १९२४ मध्ये अमेरिकेत आला. न्यूयॉर्कमध्ये सुतारकाम करायचा. १९५९ पासून क्यू बनवायला लागला आणि १९७५ साली गेला. मागे राहिल्या हजार-बाराशे क्यू. पण सुरुवातीच्या कित्येक क्यूंचं मूळ लाकूड त्याचं नव्हतंच. ब्रन्सविक कंपनीची 'टायटलिस्ट' ही क्लबातली साधी क्यू घ्यायची, कापायची, नवा जोड बसवायचा, मुठीवर दोरा गुंडाळायचा. पुढे बर्टन स्पेन आणि गस झाम्बोटी यांनी तयार केलेले दांडे त्यानं वापरले. म्हणजे संग्राहक ज्यासाठी हजारो डॉलर मोजतात, ते दुसऱ्यांच्या लाकडावरचं एका माणसाचं जोडकाम आहे. खडूचीही तीच गत. विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी १८९७ मध्ये ज्याचं पेटंट घेतलं, त्या बिलियर्डच्या 'खडू'त खडू नसतोच. असते ती सिलिका आणि घासणारी पूड.

वॉल्टर टेव्हिसची याच नावाची कादंबरी १९८४ साली आली. तिच्यात व्हिन्सेंट नाही. तिथला पन्नाशीचा एडी, अरबेला नावाच्या बाईसोबत लोककलेच्या वस्तूंचं दुकान काढतो. गोधड्या, भंगारातून घडवलेल्या आकृती. कुणीतरी हातानं केलेल्या वस्तूला भाव कसा येतो, हे तो माणूस दुकानात बसून शिकतो. पटकथेनं हे दुकान सरळ उडवलं. माझ्या मते हे नुकसानच. पण त्या दुकानातली एक वस्तू जणू पटकथेत शिल्लक राहिली: क्यू.

आणि तिचं काय होतं बघा. एडी बजावतो, ती घेऊन मिरवू नकोस, समोरचा सावध होईल. व्हिन्सेंट नेमकं तेच करतो. वॉरेन झेव्हनचं गाणं वाजतंय आणि हा पठ्ठ्या क्यू तलवारीसारखी फिरवत, टेबलाभोवती नाचत एकेक बॉल पाडतोय. (क्रूझनं हे शॉट स्वतः मारलेत. सिनेमातला एकच शॉट, दोन बॉलवरून उडवायचा, माईक सिगेलनं मारला.) तो जिंकतो, आणि मोठ्या पैजेचं सावज निसटतं. काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू नाचायला लागली की मालकाचा जीव कसा वरखाली होतो, ते न्यूमनच्या चेहऱ्यावर वाचता येतं. एकही संवाद नसता तरी चाललं असतं.

पुढे अटलांटिक सिटीत सिनेमा सैल पडतो. कोण कुणाला मुद्दाम हरला याच्या हिशेबात क्यूचा भार नाहीसा होतो, आणि तिच्यासोबत दोघांमधला तणावही. न्यूमनला ऑस्कर मिळालं, ते मला त्या उत्तरार्धासाठी वाटत नाही.

खऱ्या बालाबुश्काच्या नकला आजही फिरतात. जाणकार दोऱ्याची वीण आणि जोड पारखून निवाडा देतात. आणि सिनेमातली ती बनावट क्यू? जॉसच्या त्या मॉडेललाच आता मागणी आहे.