शिळा, काच आणि कार्डावरचा माणूस

जुन्या चित्रकार्डांविषयी लिहिताना आपण बहुधा चित्राचा विषय सांगतो आणि ते छापले कसे, हा प्रश्न संग्राहकांवर सोडून देतो. वस्तुतः छपाई बाजूला ठेवून या कार्डांचा अर्थ पुरता लागत नाही.

एका पैशाचे सरकारी पोस्टकार्ड हिंदुस्थानात जुलै 1879 मध्ये आले. चित्रकार्डांचा बहर त्यानंतर वीसेक वर्षांनी. 1894 मध्ये मुंबईत निघालेला रविवर्मा प्रेस पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर यांच्या मालकीचा झाला. देवादिकांच्या तसबिरी हे त्याचे मुख्य काम. पण पॉल गेरहार्ट या जर्मन शिळाचित्रकाराची मुंबईच्या लोकजीवनाची कार्डेही तिथे छापली गेली.

शिळाछापात तेलकट खडूने वा शाईने दगडावर चित्र काढतात. ओला दगड शाई नाकारतो, तेलकट रेषा ती धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. म्हणजे डोळ्याने पाहिलेले सारे कुणाच्या तरी हाताने मोजक्या रंगांत वाटून घ्यावे लागते. या वाटणीत पागोटे आणि लुगडे ठसठशीत होतात, चेहरा मागे पडतो. भिस्ती किंवा कोळीण व्यक्ती न राहता नमुना होते.

कोलोटाइपचे, म्हणजेच फोटोटाइपचे, तसे नाही. काचेवर बायक्रोमेट मिसळलेल्या जिलेटिनचा थर देऊन त्यावर निगेटिव्ह ठेवतात. उजेड लागलेला भाग कडक होऊन शाई घेतो, न लागलेला पाणी शोषून ती नाकारतो. छटा अखंड उतरतात. भिंगाखाली बारीक सुरकुत्या तेवढ्या दिसतात. ‘फोटोटाइप कंपनी, बॉम्बे’ या प्रकाशकाच्या नावातच हे तंत्र आहे. कोलोटाइप कार्डाखालच्या ओळीत फक्त जात किंवा धंदा असला, तरी वर एका विशिष्ट माणसाचे डोळे असतात. मथळा आणि चित्र यांचे इथे जुळत नाही.

तंत्रच सारे ठरवते, असे मात्र म्हणता येणार नाही. कोलोटाइपसाठीही माणसे स्टुडिओत सजवून उभी केली जात. उलट म. वि. धुरंधरांच्या कार्डांवरची माणसे हाताने रेखाटलेली असूनही ठोकळा होत नाहीत. तो समाज चित्रकाराच्या रोजच्या ओळखीचा होता.

आमच्या तुळजापुरात देवळाच्या वाटेवर मिळणाऱ्या आजच्या तसबिरीला भिंग लावले, तर चार रंगांच्या ठिपक्यांची यंत्राने आखलेली जाळी दिसते. जुन्या शिळाछापातले ठिपके असे एकसारखे नसतात, कारण ते हाताने दिलेले असतात. कार्डावर चित्रकाराचे वा प्रकाशकाचे नाव येते. दगडावर चित्र उतरवणाऱ्या कारागिराचे बहुधा येत नाही. त्या ठिपक्यांखेरीज त्याची दुसरी सही नाही, आणि मोबाइलवर काढलेल्या फोटोत नेमकी तीच पुसली जाते. म्हणून कार्डांची सूची करताना विषय आणि प्रकाशक यांच्या जोडीला छपाईचा प्रकारही नोंदवावा, आणि तो मूळ कार्ड हातात घेऊनच ठरवावा.