कर्णाची नरोटी

कर्णाबद्दल वाईट बोललेलं आपल्याकडे खपत नाही. हॉस्टेलच्या खोलीत किंवा ऑफिसच्या कँटीनमध्ये प्रयोग करून बघा. युधिष्ठिराला जुगारी म्हणा, भीष्माला भित्रा म्हणा, लोक माना डोलावतील. पण कर्ण द्यूतसभेत द्रौपदीबद्दल काय बोलला एवढं नुसतं विचारा. समोरचा 'हो, पण'पासूनच सुरुवात करणार. हो, पण त्याला जन्मतःच आईनं नदीत सोडलं होतं. हो, पण स्वयंवरात तिनं त्याला सूतपुत्र म्हणून नाकारलं होतं.

या 'हो, पण'चा बराचसा माल 'मृत्युंजय'मधून येतो. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ ची. सावंत तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते, म्हणजे आज माझ्याहून एका वर्षानं लहान. त्या वयात त्यांनी कर्ण, शोण, वृषाली, दुर्योधन, कुंती आणि कृष्ण या सहा जणांच्या तोंडून कर्णाचं आख्खं आयुष्य उभं केलं. व्यासांनी कर्णाचं बालपण जवळजवळ कोरं सोडलंय. पेटी सापडते, अधिरथ आणि राधा मूल वाढवतात आणि थोड्याच वेळात तो तरुण होऊन रंगभूमीवर येतो. मधल्या जागेत चंपानगरी, मागे मागे येणारा धाकटा भाऊ, आईचा पदर हे सगळं सावंतांनी भरलं. शोण आज आपल्याला इतका खरा वाटतो की तो मूळ महाभारतातलाच आहे असं सांगणारे कितीतरी भेटतात.

आम्ही कर्णात अडकतो ते मात्र रंगभूमीच्या प्रसंगापाशी, आणि तो थेट व्यासांचा आहे. अर्जुनानं करून दाखवलेलं सगळं कर्ण करून दाखवतो. मग द्वंद्वाची वेळ येते आणि कृपाचार्य विचारतात, तुझं कूळ कोणतं? तालुक्याच्या गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पुण्याच्या कंपन्यांमध्ये मुलाखती दिलेल्या कुणालाही हा प्रश्न ओळखीचा वाटेल. कोड चाललेला असतो, टेस्ट केसेस पास झालेल्या असतात आणि मग समोरचा रेझ्युमेवरून नजर वर उचलून विचारतो, कॉलेज कुठलं म्हणालात? मला हे विचारलं गेलं तेव्हा 'मृत्युंजय' दुसऱ्यांदा वाचत होतो. त्यानंतर कर्ण मला पुस्तकातला राहिला नाही. आणि ज्यांना कॉलेज नव्हे, थेट आडनाव विचारलं जातं, त्यांच्यासाठी तर तो कधीच नुसता पुस्तकातला नसणार.

व्यासही इथे आपल्याला सोडत नाहीत. दुर्योधन कर्णाला तिथल्या तिथे अंगदेशाचा राजा करतो. अभिषेकाच्या पाण्यानं केस अजून ओले आहेत, तेवढ्यात काठी टेकत, घामाघूम झालेला म्हातारा अधिरथ आत येतो. कर्ण धनुष्य बाजूला ठेवून सगळ्यांदेखत त्याच्या पायावर डोकं ठेवतो आणि ते आधीच ओलं असलेलं डोकं बापाच्या आसवांनी पुन्हा भिजतं. हे बघून भीम काय म्हणतो? चाबूक घे हातात, तुला तेच शोभतं. एवढं वाचल्यावर कर्णाची बाजू न घेणारा वाचक मला जरा संशयास्पदच वाटतो.

तरीही 'हो, पण'ची तपासणी करायला हवी.

पुण्यात भांडारकर संस्थेनं महाभारताच्या हस्तलिखितांची तुलना करून चिकित्सक आवृत्ती तयार केली. १९१९ साली सुरू झालेलं काम १९६६ साली पुरं झालं, म्हणजे 'मृत्युंजय'च्या आदल्या वर्षी. द्रौपदी भर स्वयंवरात 'मी सूताला वरणार नाही' असं म्हणते, तो भाग या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही. तो नंतर घातला गेला असं मानून संपादकांनी पाठभेदांत ठेवला आहे. कुणालातरी, कधीतरी, कर्णाच्या सभेतल्या वागण्याला कारण हवंसं वाटलं असावं, असा माझा तर्क आहे. तसं असेल तर कर्णासाठी बॅकस्टोरी रचणारे सावंत पहिले नव्हेत, परंपरा फार जुनी आहे. फक्त या दुरुस्तीचं बिल द्रौपदीच्या नावावर फाडलं गेलं.

सभेतला प्रसंग मात्र चिकित्सक आवृत्तीत शाबूत आहे. विकर्ण, दुर्योधनाचाच भाऊ, उठून म्हणतो की द्रौपदी जिंकली गेलेली नाही. त्याला गप्प करायला कर्ण उभा राहतो. पाच नवरे असलेली ही बंधकी, म्हणजे वेश्या. हिला एका वस्त्रात किंवा विवस्त्र आणलं तर त्यात नवल काय, असं तो म्हणतो, आणि पांडवांची व हिची वस्त्रं काढून घे असं दुःशासनाला सांगतो. हे रागात निसटलेलं वाक्य नव्हे, मुद्दे मांडून केलेलं भाषण आहे. (विकर्णाचं वाक्य स्टेटसला ठेवणारा मला अजून भेटलेला नाही.) सावंत हा प्रसंग गाळत नाहीत, ते प्रामाणिक आहेत. पण तिथवर पोचेपर्यंत त्यांनी आपल्याला कर्णाच्या इतक्या जखमा दाखवलेल्या असतात की आपण सभेत शिरतो ते माफी खिशात घेऊनच.

पुढे उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचा जन्म सांगतो. कर्ण राधा-अधिरथाला सोडायला नकार देतो, ते त्याचं सर्वांत उजळ भाषण. त्यातच तो म्हणतो की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना जे कडू बोललो त्याचा आज मला ताप होतो. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. पश्चात्ताप पांडवांबद्दलचा आहे. द्रौपदीचं नाव त्या ओळीत नाही.

१९६७ सालीच 'युगान्त'ही आलं. इरावती कर्वे तेव्हा साठी ओलांडलेल्या होत्या, डेक्कन कॉलेजातल्या मानववंशशास्त्रज्ञ. चिकित्सक आवृत्ती समोर ठेवून त्या एकेका व्यक्तीला तपासतात आणि कर्णाला सवलत देत नाहीत. मला त्यांचा कर्ण जरा जास्तच कोरडा वाटतो. सूत आणि क्षत्रिय यांच्यातलं अंतर त्या ज्या शांतपणे मोजतात, ते ज्याला कधी कूळ विचारलं गेलं नाही त्यालाच जमावं. पण द्रौपदीवरच्या लेखात त्या एक गोष्ट करतात. शेवटच्या वाटेवर द्रौपदी कोसळते, मूळ ग्रंथात तिची कथा तिथे संपते. बाईंना ते सोसत नाही. त्या भीमाला तिच्याजवळ मागे आणतात आणि पुढच्या जन्मी तू थोरला हो, असं तिच्याकडून वदवतात. म्हणजे आपण करतो तेच. फरक इतकाच की त्याआधी त्या सांगून टाकतात: इथवरचं संहितेवर आधारलेलं, यापुढची माझी नरोटी. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. हा शब्द या अर्थानं त्यांनी एकनाथांकडून घेतला.

इंग्रजी समीक्षेत या सवयीची चेष्टा झालेली आहे. एल. सी. नाइट्स यांनी १९३३ साली लेडी मॅकबेथला मुलं किती, असा प्रश्न शीर्षकातच विचारून पात्रांना शेजारी समजणाऱ्यांची टर उडवली. मला ती टर मान्य नाही. रिकामी जागा दिसली की मन ती भरणारच, आणि तसं न करणाऱ्यानं कादंबऱ्या वाचाव्यात कशाला? माझी तक्रार वेगळी आहे: आपण कुणाच्या जागा भरतो आणि कुणाच्या तशाच सोडतो.

कर्णाच्या बायकोचंच बघा. उद्योगपर्वातल्या त्याच भाषणात कर्ण म्हणतो की अधिरथानं सूतांच्या मुलींशी माझी लग्नं लावली, त्यांच्यापासून मला मुलं-नातवंडं आहेत आणि माझं मन त्यांच्यात गुंतलंय. नाव एकीचंही सांगत नाही. स्त्रीपर्वात गांधारी कृष्णाला रणांगण दाखवते तेव्हा वृषसेनाची आई कर्णाच्या प्रेतावर पडून रडताना दिसते. तिथेही ती कुणाची तरी आईच. वृषाली हे नाव आपलं. सावंतांनी तिला बोलायला लावलं हे त्यांचं मोठं काम, पण त्यांची वृषाली नवऱ्याच्या प्रेमात इतकी बुडालेली आहे की ती मला हवा तो प्रश्न विचारत नाही.

तर यापुढची माझी नरोटी. द्यूत आटोपून कर्ण त्या रात्री घरी येतो. सभेत काय झालं ते दासींकडून आधीच घरी पोचलंय. ती पान वाढते. पाण्याचा तांब्या ठेवते. मग विचारते, माझं दुसरं लग्न झालं असतं, तर मला काय म्हणाला असता?